कागदावरच्या अकरा बस

४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझं म्हणणं मान्य. फोनवर मी नुसती "हं, हं" करते आणि मागे टाइप केल्याचा आवाज येतो, हे खरं आहे. तेव्हा यापुढे तुझ्याशी जे बोलायचं ते कागदावर. तसंही आमच्या ऑफिसात जे लिहिलेलं नाही ते झालेलंच नाही असं धरतात, त्यामुळे मला सवय आहे.

बातमी अशी की मला परवाना विभागात घेतलंय. तुमच्या गावाशेजारचं अणुवीज केंद्र चाळीस वर्षांच्या परवान्यावर चालतं आणि तो येत्या डिसेंबरात संपतो. आम्हाला आणखी वीस वर्षं हवीत. अर्ज दोन वर्षांपूर्वीच गेला. आता नियामकाची, म्हणजे परवाना देणाऱ्या सरकारी मंडळाची, माणसं त्यातलं एकेक प्रकरण उकरून काढतायत. पाइप किती झिजले, काँक्रीटला कुठे तडे आहेत, केबलींचं वेष्टण किती कडक झालंय. तुला एक गंमत सांगते. भट्टीच्या आत, भिंतीलगत, चाळीस वर्षांपूर्वी त्याच पोलादाचे छोटे तुकडे टांगून ठेवलेत. काही वर्षांनी त्यातला एक काढायचा, मोडून बघायचा, आणि त्यावरून भिंत किती ठिसूळ झाली ते ठरवायचं. माझा दादा पन्नाशीचा झाला तेव्हा असा एखादा तुकडा टांगलेला असता तर बरं झालं असतं असं मला वाटून गेलं.

मला मात्र पोलाद मिळालेलं नाही. माझ्याकडे आहे आणीबाणीचा आराखडा. म्हणजे केंद्रात काही बिघडलं आणि भोंगा वाजला, तर गावातल्या माणसांना कसं हलवायचं. त्यातलं एक पान सोबत आहे. "शाळेसाठी अकरा बस, अकरा ड्रायव्हर, चाळीस मिनिटांत." खाली डेपोप्रमुखाची सही. डेपोप्रमुख म्हणजे तू. गेली कित्येक वर्षं आधीचे डेपोप्रमुख करत होते, आता तुझी पाळी.

तुझी ती लांब शेपटाची सही कर आणि वीस तारखेच्या आत पाठव. दादाला म्हणावं, चष्मा सापडला का?

तुझी,
शेंडेफळ


११ फेब्रुवारी

प्रिय शेंडेफळ,

दादाचा चष्मा त्याच्याच दुकानात गिऱ्हाइकांच्या चष्म्यांत मिसळला होता. एका गुरुजींनी तो चार दिवस वापरला आणि आता त्यांना आपला स्वतःचा आवडेनासा झालाय. गावातला एकुलता एक चष्मेवाला, पण स्वतःच्या नाकावरचा त्याला सापडत नाही. हे तुमच्या घराण्याचं आहे, माझ्या माहेरी असं नाही.

तुझं पान वाचलं. सही करायला पेन उघडलं, मग म्हटलं बघून तरी यावं. आमच्याकडे गाडी पासिंगला न्यायची तर आधी स्वतः खाली वाकून बघायची सवय आहे. म्हणून वही घेऊन आवारात गेले आणि मोजल्या.

नंबरप्लेट अकरा आहेत, त्यात खोट नाही. त्यातल्या दोन वर्कशॉपच्या मागे ठोकळ्यांवर उभ्या आहेत. त्यांची इंजिनं काढून नेल्याला तीन वर्षं झाली. एकीत मांजरीनं संसार थाटलाय, दुसरीत मेकॅनिक डबा खातात. राहिल्या नऊ. त्यातल्या तीन कुठे असतात माहीत आहे का? तुमच्याच केंद्रावर. तुमच्या पाळीच्या लोकांना ने-आण करायला त्या कराराने दिल्यात. भोंगा वाजला तर त्या तिथलीच माणसं भरतील, की तिथनं निघून शाळेकडे येतील?

म्हणजे सहा. एका बसमध्ये पन्नास जण बसतात. सहा पंचे तीस, म्हणजे तीनशे. शाळेत मुलं साडेतीनशे आहेत. उरलेल्या पन्नास जणांची नावं कोण काढणार ते पानावर कुठे लिहिलेलं नाही. मागच्या बाजूलाही बघितलं.

तेव्हा सही तूर्त ठेवलीय. आणि एक सांग, हे अकरा लिहिलं कुणी? त्याला एकदा आमच्या मांजरीची ओळख करून द्यावी म्हणते.

तब्येत सांभाळ. जेवायची वेळ पाळ.

तुझी,
वहिनी


१७ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तू मोजशील हे माझ्या लक्षातच आलं नाही. आधीचे डेपोप्रमुख तर पान परत पाठवताना त्याची घडीसुद्धा उलगडत नसत म्हणे.

मी साहेबांशी बोलले. आमचे साहेब म्हणजे परवाना विभागाचे प्रमुख. माणूस वाईट नाही, पण फाइलवर डाग पडला की त्यांच्या कपाळावर पडतो. त्यांचं म्हणणं, पानावर "डेपोच्या पटावर अकरा बस" असा अर्थ आहे, आणि पटावर अकरा आहेतच. हॉस्पिटलनं सही केली, अग्निशमन दलानं केली, शाळेच्या मुख्याध्यापकांनी तर दोनदा केली. तू एकटीच राहिलीस.

वहिनी, थोडं समजून घे. परवाना मिळवणं एक आणि तो टिकवणं दुसरं. दर दोन वर्षांनी गावात रंगीत तालीम होते, नियामकाचे निरीक्षक येऊन बघतात. त्यात कमी पडलो तर नवा परवाना राहू दे, आहे तोही थांबवू शकतात. डिसेंबरपर्यंत नवा हातात पडला नाही तर भट्टी बंद. गावातली नऊशे घरं त्या केंद्रावर चालतात. तुझ्या ड्रायव्हरांच्या बायका तिथे कँटीनमध्ये आहेत. दादाकडे चष्मे करायला येतात ते कोण, सांग बघू. एका पानासाठी हे सगळं लटकावं असं तुलाही वाटत नसेल.

एवढी सही कर, बाकी मी बघून घेते. बसचं काय ते नंतर शांतपणे बघू. तुझ्या शेंडेफळानं आजवर तुझ्याकडे काय मागितलंय? (ती निळी साडी सोडून. आणि ती मी परत करणार आहे.)

तुझी,
शेंडेफळ


२५ फेब्रुवारी

वन्सं,

मी तुम्हाला "तुम्ही" म्हणायला लागले की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, तेव्हा जरा सरसावून बसा.

"बाकी मी बघून घेते" हे वाक्य तुमच्या दादाचं आहे. न्हाणीघराचा नळ तो गेली सहा वर्षं बघून घेतोय.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी सकाळच्या फेऱ्या संपल्यावर मी चहाला सहाही ड्रायव्हरांना एकत्र बसवलं. म्हटलं बस मोजल्या, आता माणसं मोजू. सरळ विचारलं की भोंगा वाजला आणि तुमची बस डेपोत उभी आहे, तर तुम्ही काय कराल. पहिल्यांदा सगळ्यांनी "मॅडम, लगेच शाळेवर" असं म्हटलं. मग तात्या बोलले. तात्या आमच्यातले सर्वांत जुने, सत्तावीस वर्षांत एकदाही गाडी उशिरा काढली नाही. ते कपाकडे बघत म्हणाले, "मी येईन मॅडम. पण आधी घरी जाईन. आईला उठवत नाही एकटीला. तिला कुणाच्या तरी हवाली करीन, मग येईन."

त्यानंतर बाकीच्यांची तोंडं मोकळी झाली. एकाची बायको बाळंतीण आहे. एकाची मुलगी घरी एकटी असते. सहापैकी चार जण आधी घरी जाणार. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. ते खोटं बोलले असते तर माझं पान सोपं झालं असतं, इतकंच.

म्हणून तुमचं पान मी परत पाठवतेय. "अकरा"वर काट मारून लाल शाईनं "सहा" लिहिलंय, आणि खाली ड्रायव्हरांचं म्हणणं दोन ओळींत. त्याखाली सही केलीय, शेपटासकट. हे माझ्या नावावर जाईल. तुम्हाला गरज पडली तर माझ्याकडे बोट दाखवा, मला चालेल.

साडी राहू द्या. तुम्हाला जास्त शोभते.

तुमची,
वहिनी


५ मार्च

प्रिय वहिनी,

पान मिळालं. साहेब म्हणतात खाडाखोड असलेला कागद घेता येत नाही. नवं कोरं पान तयार करू म्हणाले.

तालीम २६ मार्चला ठरलीय, सकाळी दहाला. त्या दिवसापुरत्या केंद्रावरच्या तीन बस डेपोत उभ्या राहतील. दोन शेजारच्या डेपोतून येतील, चालकांसकट. सगळ्या धुऊन घ्याव्यात अशी विनंती आहे. बाकी तुला काही करायचं नाही.

मी येणार नाहीये. हे पत्र मला सांगितलंय म्हणून लिहितेय. तू त्यात मला शोधू नकोस.

शेंडेफळ


२७ मार्च

प्रिय शेंडेफळ,

काल झालं ते माझ्याकडून तुला कळावं म्हणून बसलेय. तुला आतापर्यंत कळलंही असेल.

अकराच्या अकरा बस सकाळी आठपासून ओळीनं उभ्या होत्या. इतक्या चकचकीत की तात्या आपलीच बस ओळखायला दोनदा फिरले. ठोकळ्यांवरच्या दोघींवर ताडपत्री टाकली होती. मांजर बाहेर येऊन मधोमध बसलं, त्याचं कुणी काही करू शकलं नाही. दहाला भोंगा झाला, अकरा बस निघाल्या, मुलं हसत-खिदळत चढली आणि छत्तीस मिनिटांत शाळा रिकामी. मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवल्या. केंद्रावरच्या साहेबांनी माझा हात हातात घेऊन दाबला.

निरीक्षक म्हणून तीन माणसं होती. दोघं कागद चाळत होते. तिसरी एक बाई, माझ्याच वयाची, सर्दीनं नाक लाल झालेलं, हातात छोटी वही. सगळे पांगल्यावर ती परत डेपोत आली आणि एका बसच्या पायरीवर बसली. मला म्हणाली, "बसा ना." मी बसले. तिला आल्याचा काढा विचारला, ती नको म्हणाली.

मग म्हणाली, "बाई, या अकराही रोज इथेच असतात का?"

शेंडेफळ, त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे तू होतीस. तुझ्या नोकरीचं काय, तुझ्या साहेबांचं काय. कान तापले. मी खोटं बोलायची तयारी करून तोंड उघडलं आणि आतून आवाज आला तो भलताच. मी म्हटलं, "नाही. सहा असतात. आणि त्यातले चार ड्रायव्हर आधी घरी जातील. मी त्यांच्या जागी असते तर मीही गेले असते."

तिनं लिहून घेतलं. "ताडपत्रीखाली काय आहे?" म्हणाली. मी दाखवलं. तिनं नाक पुसलं, आभार मानले आणि गेली.

घरी आल्यावर दादाला सांगितलं.  तो एका चष्म्याची काडी पाऊण तास घट्ट करत बसला, मग म्हणाला, "बरं केलंस." त्याचं तोंड मात्र तसं दिसत नव्हतं. बहीण त्याची आहे शेवटी.

तुझी नोकरी गेली तर सरळ इकडे ये. दुकानात एक स्टूल रिकामं आहे. तुझ्या दादाला कुणीतरी चष्मे शोधून देणारं हवंच आहे.

रागावली असशील तर रागावून लिही, पण लिही.

तुझी,
वहिनी


१९ एप्रिल

शेंडेफळ,

तीन आठवडे झाले. फोन उचलत नाहीस. तू मागे टाइप करत असशील तर तो आवाजसुद्धा चालेल मला.

पाळीच्या बसमधले लोक बोलत होते. नियामकाचं पत्र आलंय म्हणे. तालीम नापास. एकशेवीस दिवसांत आराखडा खरा करून दाखवा, नाहीतर भट्टी थांबवा. आणि मुख्य ऑफिसातल्या कुणाला तरी चौकशीला बसवलंय. ती तू आहेस का?

ड्रायव्हर माझ्याशी बोलतात, त्यांच्या बायका नाही बोलत. दुकानात गिऱ्हाईक कमी आहे. दादा म्हणतो उन्हामुळे. उन्हाचा आणि चष्म्याचा काय संबंध ते मी विचारलेलं नाही.

एका ओळीचं कार्ड टाक. शिव्या असल्या तरी चालतील, तुझ्या अक्षरात असू देत.

वहिनी


२४ एप्रिल

प्रिय वहिनी,

दोन्ही पत्रं माझ्या खणात होती. मला ती वाचायला मनाई नव्हती, उत्तर द्यायला होती. काल चौकशी संपली, म्हणून आज सकाळी सगळ्यात आधी तुला लिहितेय. आता तू सरसावून बस.

तू विचारलं होतंस, अकरा कुणी लिहिलं. मी तेव्हा उत्तर टाळलं. ते मी लिहिलं होतं. नऊ वर्षांपूर्वी मी केंद्रावर शिकाऊ होते, आणि हा आराखडा स्वच्छ टाइप करायचं काम मला दिलं होतं. जुन्या कागदावर अकरा होते, मी अकरा टाइप केले. डेपो तिथून दोन किलोमीटरवर. चालत जाऊन मोजून आले असते. तेव्हाही त्यातल्या तीन केंद्रावरच असायच्या, मी त्यातूनच ये-जा करायचे. वर छान टाइप केलं म्हणून शाबासकी घेतली, आणि त्याच शाबासकीवर मुख्य ऑफिसात आले.

मार्चमध्ये साहेबांनी नवं पान करायला सांगितलं तेव्हा मी ते केलंही. पुन्हा अकरा. प्रिंट काढली. शेजारी तुझं लाल शाईचं पान पडलं होतं. उरलेल्या पन्नास जणांची नावं कोण काढणार, असं तू पहिल्याच पत्रात विचारलं होतंस. मी उगाच मनात शाळेतली नावं आठवायला लागले. माझ्या वर्गातल्या मैत्रिणींची मुलं आहेत तिथे, वहिनी. चार नावं काढली आणि पुढे काढवेना.

२५ मार्चला, म्हणजे तालमीच्या आदल्या दिवशी, मी साहेबांना सांगून दुरुस्तीचं पत्र लावलं आणि तुझं लाल पान जसंच्या तसं नियामकाकडे पाठवलं. साहेब म्हणाले, "तुम्हाला कळतंय ना काय करताय?" मी हो म्हटलं. पाकीट त्याच दुपारी नियामकाच्या ऑफिसात स्वतः नेऊन दिलं.

म्हणजे ती सर्दीवाली बाई तुझ्या पायरीवर येऊन बसली तेव्हा तिच्या वहीत "सहा" आधीच लिहिलेलं होतं. तुझ्या तोंडून तेच निघतं का, एवढंच तिला बघायचं होतं.

त्यामुळेच चौकशी बसली. अर्जदार कंपनीची बाई आणि डेपोची बाई, दोघी एकाच घरातल्या, दोघींचं बोलणं एकच. तीन लोकांच्या समितीनं मला विचारलं की तुमचं संगनमत होतं का. वहिनी, नणंद-भावजयीचं संगनमत. मी म्हटलं, साहेब, आमचं आजवर भाजीत मीठ किती घालायचं यावर एकमत झालेलं नाही. मधल्या गृहस्थांना हसू आलं, त्यांनी ते खोकल्यात घातलं. मग मी आपली सगळी पत्रं त्यांच्यापुढे ठेवली. तुझं "वन्सं, सरसावून बसा" आता सरकारी दप्तरी आहे. निळी साडीसुद्धा.

नोकरी गेली नाही. पण बढतीच्या यादीतून नाव गेलं. शिवाय शिक्षा म्हणून, की काय म्हणून, एकशेवीस दिवसांत खरा आराखडा करायचं काम माझ्याच गळ्यात घातलंय. त्यातले चौदा दिवस आधीच गेले. भट्टीचं पोलाद मला आता सोपं वाटायला लागलंय. तुझ्या चार ड्रायव्हरांना घरी जाऊ न देता शाळेकडे कसं पाठवायचं, ते मला सुचत नाही.

रागावले नव्हते. लाजले होते. त्यावेळी दोन्ही सारखंच दिसत असेल.

तुझी,
शेंडेफळ


२ मे

प्रिय शेंडेफळ,

म्हणजे त्या बाईनं मला परीक्षेला बसवलं, आणि मी इकडे महिनाभर झोप उडवून घेतली. तिला काढा विचारला होता मी.

तुझं पत्र दादाला वाचून दाखवलं. अकरा तू टाइप केलेस तिथे तो म्हणाला, "अक्षर ओळखीचं वाटलंच होतं." टाइपाचं अक्षर. मग आत जाऊन नळाला हात घातला आणि तो दुरुस्तही केला. मला वाटतं त्याला फार बरं वाटलं होतं.

आता तुझा प्रश्न. तो तू उलटा धरलायस. त्यांना घरी जाऊ न देता कसं पाठवायचं असं विचारतेस. मी म्हणते, जाऊ दे की घरी. फक्त बस घेऊन जाऊ दे. सकाळ-दुपारच्या फेऱ्यांच्या मध्ये बस डेपोत उभ्या राहतात, त्या प्रत्येकाच्या गल्लीच्या तोंडाशी उभ्या करू. भोंगा झाला की आधी आपलं माणूस आत, मग शाळा. ज्याची बाळंतीण त्याच्या मागच्या बाकावर बसलीय तो मुलांना सोडून कुठे जाईल?

तात्यांना विचारलं. त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, "असं असेल तर मी पहिला येईन."

यात वेळ जास्त जाईल. चाळीस मिनिटांत होणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. आणि तुमच्या केंद्राला म्हणावं, आमच्या तीन बस तुम्हीच ठेवा, त्याऐवजी दोन इंजिनं आणि दोन ड्रायव्हरांचा पगार द्या. मांजरीची सोय मी करते.

तुझी,
वहिनी


१ ऑगस्ट

प्रिय शेंडेफळ,

तुला अधिकृत कागद मिळेलच, पण त्यात मजा नसणार.

या वेळी तारीख कुणालाच सांगितली नव्हती. पंधरा दिवसांत कधीही, एवढंच. आम्ही रोज सकाळी कान टवकारून. आणि काल, मी दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडून पडले असताना भोंगा झाला. उठले ते गळ्यातल्या त्या कागदी फडक्यासकट धावले. अर्ध्या गावानं बघितलं.

आठही बस निघाल्या, नवी इंजिनं घातलेल्या दोन्ही धरून. सात वेळेत पोचल्या. तात्यांची येईना. पंचेचाळीस मिनिटं झाली, त्यांच्या वाटणीचा सातवीचा वर्ग फाटकाशी उभा. सर्दीवाली बाई (सर्दी गेलीय, दिसायला बरी आहे) घड्याळ बघतेय आणि मी तिच्याकडे बघत नाहीये. सत्तेचाळीसला बस वळली. तात्यांच्या आईनं तोंड धुतल्याशिवाय घराबाहेर पडायला नकार दिला होता. वय त्र्याऐंशी. तालीम आहे असं सांगितलं तर म्हणाली, मग तर नीट तयार होऊन गेलं पाहिजे.

बावन्न मिनिटांत शाळा रिकामी. साडेतीनशे मुलं, पंधरा शिक्षक, आणि ड्रायव्हरांच्या घरची एकोणतीस माणसं. एक मूल राहिलं नाही. मी स्वतः वर्गावर्गांत जाऊन बाकांखाली बघितलं. रिकाम्या शाळेत उभी राहिले आणि मला एकदम रडू आलं, तोंड अर्धं बधिर, त्यामुळे ते नीट रडताही येईना.

निरीक्षक बाई म्हणाली, "मर्यादा तासाची आहे. तुम्ही कागदावर काय लिहिणार?" मी म्हटलं पंचावन्न. ती म्हणाली, बावन्न झालीत. मी म्हटलं, आज झालीत. उरलेली तीन मिनिटं म्हाताऱ्या माणसांना लागतात.

ते तसंच लिही. तुझ्या हातानं टाइप कर.

दुकानात गिऱ्हाईक परत यायला लागलंय. ऊन कमी झालं म्हणे.

तुझी,
वहिनी


२८ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

काल शेवटची सुनावणी झाली. पाच सदस्य उंच टेबलामागे, आम्ही खाली. दिवसभर पोलाद, काँक्रीट आणि केबली. मोडून बघितलेल्या तुकड्यांवर दोन तास. माझं पान दुपारी चारला आलं, तोवर दोन सदस्य जांभया दाबत होते.

त्यातल्या एकानं चष्मा वर करून विचारलं, "आधी तुमच्याकडे अकरा बस होत्या आणि चाळीस मिनिटं. आता आठ बस आणि पंचावन्न मिनिटं. नऊ वर्षांत तुमची तयारी वाढायला हवी होती. ही तर घटली."

साहेबांनी माइककडे हात नेला. मी म्हटलं मी बोलते.

मी म्हटलं, "घटली नाही. आधी लिहिलं होतं, आता मोजलंय. आधीचं मीच लिहिलं होतं."

 त्यानं चष्मा खाली केला आणि पान उलटलं. पाच वाजता पाचही जणांनी हात वर केले. वीस वर्षांचा परवाना, अटींसह. एक अट तुझी आहे. दरवर्षी बस आणि माणसं, दोन्ही मोजायची.

बाहेर पडल्यावर साहेब म्हणाले की गावात कायमचा आराखडा अधिकारी नेमायला हवा, ही पण अट आहे, आणि मुख्य ऑफिसातून तिकडे जायला कुणी तयार होणार नाही. मी म्हटलं, एक जण होईल. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या कपाळावर या वेळी आठी नव्हती.

एक तारखेपासून हजर व्हायचंय. केंद्रापासून चार किलोमीटरांच्या आत, तुमच्याच गल्लीत, शिंपिणीच्या वरची खोली बघितलीय. मुख्य ऑफिसात गेल्यापासून पहिल्यांदाच मी आराखड्यातल्या धोक्याच्या नकाशाच्या आतल्या बाजूला राहणार आहे. इतके दिवस तो बाहेरून रंगवत होते. थोडी भीती वाटतेय, हे दादाला सांगू नकोस.

तुझी,
शेंडेफळ


३० नोव्हेंबर

प्रिय शेंडेफळ,

हे पत्र तुला मिळेतो तू निघालेली असशील, तरी लिहितेय, कारण तुमच्यात लिहिलं नाही तर झालं नाही.

खोली झाडून ठेवलीय. शिंपीणबाई चांगल्या आहेत, मशीन मोठ्यानं चालवतात. भीतीचं दादाला सांगितलं नाही, पण त्यानं विचारलं, "तिला भीती वाटत असेल का गं?" मी म्हटलं, वाटायलाच हवी, त्याचाच पगार मिळतो तिला.

आज यादी नवी केली. तुझं नाव चार नंबरच्या बसमध्ये घातलंय, दादाच्या खाली. उभं राहावं लागेल, बसायला मुलं आहेत. आणि भोंगा वाजला तर साहेबांना विचारत बसू नकोस. आधी चढ.

वहिनी